मिलिंद, तो हेदू नव्हता

माहूरच्या डोंगरात ज्या झाडाची पानं मी तोडली, ते झाड मी नीट पाहिलंच नव्हतं. तुला मात्र सांगितलं, "हेदू आहे." तू विचारलंस, "नक्की?" मी म्हणालो, "नक्की." माझ्या त्या शब्दावर तू एका बुरशीला नाव दिलंस, आणि पुढं त्या नावापायी तुझं नाव गेलं. चूक माझी होती. हे इतकं छोटं वाक्य लिहायला मी तुझ्या मरणापर्यंत थांबलो, ही त्याहून मोठी चूक.

तुला जाऊन अजून महिना झालेला नाही. तुझा जन्म कुठला, शिक्षण कुठलं, हे इतरांनी लिहिलंय. मला तुझ्याशी बोलायचंय. पण हे वाचणाऱ्यांना आपण नेमकं काय करत होतो ते कळायला हवं, म्हणून तूच सांगायचास तसं सांगतो. मुदखेडला तुझ्या घरी मी पहिल्यांदा जेवायला आलो, तेव्हा तुझ्या आईनं विचारलं होतं, "पानावरचे डाग बघायला इतकं शिकावं लागतं व्हय?" तू भाकरी मोडत म्हणालास, "आई, डॉक्टर माणसाची खरूज बघतो, आम्ही झाडाची बघतो. फरक इतकाच, की झाड खाजवत न्हाई आन फीबी देत न्हाई."

एवढंच काम. पानावर तपकिरी, काळे, पिवळ्या कडेचे ठिपके पडतात. प्रत्येक ठिपक्यात एखादी बुरशी राहते. ब्लेडनं तो ठिपका खरवडायचा, काचपट्टीवर निळ्या रंगद्रव्याच्या थेंबात ठेवायचा आणि सूक्ष्मदर्शकातून बघायचं: बीजाणू कसे आहेत, लांब की आखूड, सरळ की चाबकासारखे वाकलेले, त्यांच्या आत आडवे पडदे किती. मग जुने ग्रंथ काढून ठरवायचं, ही बुरशी कोणती. ओळखीची की आजवर कुणी न नोंदलेली.

आपलं भांडण इथंच सुरू व्हायचं. आपल्या सरांनी शिकवलेली पद्धत अशी, की आधी झाड ओळखा. कोणत्या झाडावर आहे हे कळलं, की अर्धी बुरशी कळली. मी ते डोळे मिटून मानायचो. तू मानायचा नाहीस.

"मल्लू, तुम्हा लोकांची खोडच हाय ही," तू म्हणायचास. "आधी विचारायचं, कुणाच्या घरचा? मग त्याचं तोंड बघायचं. अरे, बीजाणू समोर हाय, त्याला बघ ना."

"पण तोच बीजाणू दोन झाडांवर दिसला तर?"

"तर तो दोन घरी जेवतो. तुझ्यासारखा."

प्रयोगशाळेतले सगळे हसायचे. मीही हसायचो, कारण तुझ्या डब्यातली अर्धी भाकरी खरंच मी खायचो. मी लिंगायताच्या घरचा, औशाकडचा. पुढं घरी कळल्यावर आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नव्हती. ते मी तुला कधी सांगितलं नाही. तुला ठाऊक असणारच.

माहूरला आपण पाऊस ओसरल्यावर गेलो, ठिपके तेव्हाच भरात असतात. बस देवीच्या भाविकांनी भरलेली. आपल्या हातात पानं दाबून वाळवायच्या लाकडी दाबपाट्या आणि रद्दीचे गठ्ठे बघून एका बाईनं विचारलं, "भाऊ, प्रसादाच्या पुड्या बांधायच्या का?" डोंगरात आपण वाटून घेतलं. तू ओढ्याकडून गेलास, मी उतारावरून. दुपारी मला एक तुटलेलं खोड दिसलं. बुंध्यापासून कुणीतरी झाड तोडलेलं होतं आणि त्यातून डोक्याइतके उंच फुटवे आले होते. पानं मोठी, तळहातापेक्षा रुंद, त्यांवर चहाच्या रंगाचे सुंदर ठिपके. सुंदर हा शब्द आजारी पानाला आपणच वापरू शकतो.

आता नियम सांगतो, म्हणजे माझी चूक किती साधी होती ते कळेल. तोडलेल्या झाडाच्या फुटव्यांची पानं खरी नसतात. मूळ झाडाच्या पानांहून ती मोठी असतात, आकारही बदललेला असतो. अशा पानांवरून झाड ओळखायचं नाही. फूल किंवा फळ शोधायचं, ते नसेल तर शेजारच्या मोठ्या झाडाशी ताडून बघायचं. हे एमएस्सीच्या पोराला माहीत असतं. त्या खोडाच्या वर, चढावर, त्याच जातीचं मोठं झाड उभं होतं. त्याच्या शेंड्याला फळांचे गोल गोळे दिसत होते. वर जाऊन फांदी ओढायची, इतकंच काम होतं. पण माझ्या पायात काटा मोडला होता, भूक लागली होती आणि खालून तू हाक मारत होतास. मी बुडाशी थोडंसं बदामाच्या आकाराचं, हेदूचं असतं तसं, एक पान पाहिलं आणि मनात म्हणालो, चला, हेदू म्हणू. चढावर गेलो नाही.

बसस्टँडवर पानं रद्दीत घालताना तू पहिल्यांदा विचारलंस. नांदेडला परत आल्यावर दुसऱ्यांदा. तिसऱ्यांदा माझ्या खोलीवर आलास. ते मला आजही जसंच्या तसं ऐकू येतं.

"मल्लू, एक सांग. कळंब तर नव्हता ना तो?"

"कामून?"

"मी बीजाणूंची चित्रं काढली. हेदूवर जी बुरशी नोंदलीय तिच्याशी काहीच जुळत न्हाई. पण कळंबावर एक जुनी नोंद हाय, तिच्याशी लई जुळून राहिलंय. आता हे झाड कळंब असंल, तर ही तीच जुनी. आन हेदू असंल, तर नवीन."

मला राग आला. चुकीची शंका घेणाऱ्या माणसाचा जो राग येतो, तसा तो नव्हता. बरोबर शंका घेणाऱ्याचा जो राग येतो, तसा होता. मी म्हणालो, "आमच्या गावात मारुतीमागं कळंब हाय. लहानपणापासून त्याच्याखाली खेळलो. मला कळंब ओळखू येत न्हाई का?"

तू माझ्याकडं बघितलंस आणि हसलास. "बरं बाबा. तुझी पद्धत खरी. या वेळी घर आधी."

मिलिंद, तू आयुष्यात एकदाच माझी पद्धत मानलीस, आणि तीही माझ्यावरच्या विश्वासानं.

शोधनिबंध छापून आला. तू बुरशीला माहूरचं नाव दिलंस. मुदखेडला तुझ्या आईनं गल्लीत पेढे वाटले. तिला कुणीतरी सांगितलं होतं, की शोधणारा आपलं नाव देऊ शकतो. ती म्हणाली, "तुझं नाव कामून न्हाई दिलं रे?" तू पेढा तोंडात ठेवून म्हणालास, "माझं नाव दिलं असतं तर लोक त्या झाडाला शिवले नसते." घरातले सगळे मोठ्यानं हसले. मी थोडा उशिरा हसलो, आणि ते तुझ्या लक्षात आलं.

पुढं काही वर्षांनी सरांनी मला एमएस्सीच्या बॅचबरोबर माहूरला पाठवलं. पाय आपोआप त्या उतारावर गेले. फुटवे वाढून चांगली झाडं झाली होती. पानं आता आपल्या खऱ्या आकारात आली होती. साल खपल्यांनी सुटत होती, आणि फळांचे गोळे फांद्यांच्या टोकांना होते. हेदूला ते पानांच्या बेचक्यातून निघतात. हे मी पोरांना तासाभरापूर्वीच शिकवलं होतं. एक मुलगी म्हणाली, "सर, हा कळंब ना?" मी म्हणालो, "हाव. चला पुढं."

तुला सांगायला हवं होतं. तू स्वतःच दुरुस्ती छापली असतीस. आपल्या कामात ती इज्जतीची गोष्ट असते. चुका सगळ्यांच्या होतात, आपली चूक आपण कळवली की माणूस मोठा होतो. पण माझा प्रबंध तपासायला गेला होता. त्यातली सगळी झाडं मीच ओळखलेली होती. एक चुकलं म्हटलं, की बाकीची कोण मानणार? मी गप्प राहिलो. माझी पदवी झाली.

मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेनं तुझा नमुना मागवून घेतला, झाड पुन्हा ओळखलं आणि छापलं: हे झाड हेदू नव्हे, कळंब आहे, आणि बुरशी नवी नाही. तू दिलेलं नाव रद्द होऊन त्या जुन्या नावाखाली गेलं. आपल्या शास्त्रात याला शिक्षा म्हणत नाहीत. रोज कुणाचं ना कुणाचं नाव असं बुडतं. पण आपल्या विभागात ती शिक्षा झाली.

शनिवारच्या बैठकीत सरांनी तो निबंध छापलेला अंक टेबलावर ठेवला आणि झाडाबद्दल विचारलं. "होस्ट कुणी ओळखला होता?"

तू म्हणालास, "सर, नमुना मल्लिकार्जुननं आणला होता. त्यानं—" आणि तू थांबलास. माझ्याकडं बघितलंस. तू मला जागा दिली होतीस. फक्त "हो" म्हणायचं होतं.

मी म्हणालो, "मी पानं आणून दिली सर. ओळख तपासून घेणं लेखकाचं काम असतं."

हे खोटं म्हणता येत नाही, म्हणून ते इतकं सोपं गेलं. सर मान हलवत म्हणाले, "या लोकांना घाई फार." कुणाला, ते त्यांनी सांगितलं नाही आणि कुणी विचारलं नाही. खोलीतल्या प्रत्येकाला कळलं. तू पेनाला टोपण लावलंस. अशी चूक माझ्या नावावर आली असती, तर सर म्हणाले असते, "मल्लू, असं कसं झालं रे?" तुझ्या वेळी "या लोकांना" असं झालं. ते ऐकून मला वाईट वाटलं, पण त्याच क्षणी सुटल्यासारखंही वाटलं. हे मी आज पहिल्यांदा लिहितोय.

बाहेर टपरीवर तू एवढंच म्हणालास, "तू नक्की म्हणाला होतास."

"म्हणालो असंन. पण तू तपासायला पाहिजे होतंस."

"हाव," तू म्हणालास. "तुझ्यावर भरवसा ठेवला, तेवढी चूक माझी."

मी दोन्ही चहांचे पैसे दिले.

लातूरच्या कॉलेजातल्या जागेसाठी आपण दोघंही मुलाखतीला होतो. तू आधी आत गेलास. बाहेर आलास तेव्हा तुझा चेहरा बघून कळलं. "माहूरचंच विचारलं," तू म्हणालास. "तुला न्हाई विचारायचे, जा बिनधास्त." मला विचारलं नाही. मला नोकरी लागली. तू हिमायतनगरला तासिका तत्त्वावर शिकवायला लागलास, दरवर्षी नव्यानं अर्ज, उन्हाळ्यात घरी. सुजाता वहिनींनी शिलाईचं मशीन घेतलं. तुझी प्रयोगशाळा सुटली, पण तू बीजाणूंना सोडलं नाहीस.

माझ्यावर रागावला असतास तर मला सोपं गेलं असतं. तू फोटो पाठवायचास. शेवग्याचं पान, सागाचं पान, कुणाच्या परसातल्या सीताफळाचं पान, आणि खाली: "बघ रे, कोण बसलंय?" मी उत्तर द्यायचो. कधी तू म्हणायचास, "चूक. पुन्हा बघ." मी पुन्हा बघायचो, आणि बहुतेक वेळा चुकलेलो असायचो. असं आपण वर्षानुवर्षं केलं. बाहेरून बघणाऱ्याला वाटलं असतं, किती घट्ट दोस्ती. होतीच ती. त्यानंच सगळं अवघड झालं.

तुझे उपकार मोजायला बसलो तर संपणार नाहीत. एकच सांगतो. माझे वडील आजारी होते आणि मी गावी अडकलो होतो, तेव्हा माझ्या दाबपाट्यांमधली रद्दी तू रोज बदललीस. नाहीतर ओली पानं बुरशीनं खाऊन टाकली असती. हवी ती बुरशी जाते आणि नको ती वाढते, हे आपल्या धंद्यातलं रोजचं दुखणं. मी परत आलो तेव्हा माझं एकही पान काळं पडलं नव्हतं. तुझे स्वतःचे दोन गठ्ठे खराब झाले होते. मी विचारल्यावर म्हणालास, "माझ्या काही बुरश्यांना ओलच आवडते." त्या पानांच्या जोरावर माझा प्रबंध झाला. आणि तो प्रबंध वाचवायला मी तुला बुडवलं.

गेल्या पावसाळ्यात तू लातूरला आलास. आता पानाचा तुकडा पाठवला की डीएनए वाचून येतो, तो तक्ता बघायला. मी पडद्यावर दाखवलं, की एकाच झाडावरच्या, एकाच ठिपक्यातल्या दोन बुरश्या एकमेकींच्या कुणीच लागत नाहीत. तू खूष झालास. "बघ, मी काय म्हणत होतो? घर बघून काय कळतंय?" मी म्हणालो, "पण घर सोडूनही चालत न्हाई, किती तरी बुरश्या एकाच घरात राहतात." भांडण पुन्हा सुरू झालं. ते आता अर्धंच राहील.

जाताना पायऱ्यांवर तू थांबलास. धाप लागत होती तुला. मी म्हटलं, दवाखान्यात दाखव. तू ते ऐकलं नाहीस. म्हणालास, "मल्लू, एक विचारू? रागावू नको. तुला तेव्हा खरंच हेदू वाटला होता का?"

इतक्या वर्षांत तू हे पहिल्यांदा विचारलंस. तुला भांडायचं नव्हतं. तुला फक्त कळून घ्यायचं होतं, की ज्याच्यावर भरवसा ठेवला तो निदान प्रामाणिकपणे चुकला का.

मी म्हणालो, "वाटला होता."

तू मान हलवलीस. "मग ठीक हाय," म्हणालास आणि उतरलास. मिलिंद, त्या "ठीक हाय"मध्ये तुझा दिलासा होता, आणि तो मी तुला खोटा दिला. त्यानंतर आपली भेट झाली नाही.

मुदखेडला तुझ्या पुण्यानुमोदनाला आलो. वंदना झाली, एकेक जण उठून बोलत होता. मलाही बोलायला सांगितलं. तुझ्या फोटोसमोर उभा राहिलो आणि तुझ्या हुशारीबद्दल बोललो, मैत्रीबद्दल बोललो, आणि खाली बसलो. मांडवात दोनशे माणसं होती आणि मी पुन्हा तेच केलं. नंतर आत गेलो. वहिनी भांडी आवरत होत्या. मी त्यांना सगळं सांगितलं, न थांबता. काटा, चढ, माहूरची दुसरी खेप, सरांची बैठक, पायऱ्यांवरचं खोटं.

त्यांनी हातातलं पातेलं खाली ठेवलं. रडल्या नाहीत. म्हणाल्या, "भाऊजी, मला सांगून काय करू राहिले? मला हेदू आन कळंब एकच."

"वहिनी, माफी—"

"मी कशाला माफ करू? माझं काय घेतलं तुम्ही? म्हणजे, माझंबी घेतलंच. पण आधी त्यांचं घेतलं. जिथं घेतलं तिथं जाऊन द्या." मग त्यांनी पुन्हा पातेलं उचललं. "आन चहा घेऊन जावा. बिनचहाचं गेलात तर ते वरून मला बोलतील."

मी चहा घेतला.

नांदेडला आपल्या विभागात तुझी शोकसभा त्याच आठवड्यात ठेवली होती. तीच खोली, भिंतींना नवा रंग. सर आले होते, आता काठी घेऊन चालतात. ते बोलायला उभे राहिले आणि मायेनं बोलले, हे मला मान्य करायला हवं. शेवटी म्हणाले, "मिलिंद हिऱ्यासारखा मुलगा. थोडा उतावळा. ते माहूरचं प्रकरण झालं नसतं तर फार पुढं गेला असता." लोकांनी माना हलवल्या. पुढच्या रांगेत आजची संशोधक पोरं बसली होती. त्यांनीही मान हलवली. तुझ्याबद्दल त्यांना तेवढंच माहीत राहणार होतं.

मी उठलो. कुणी बोलावलं नव्हतं. म्हणालो, "सर, एक दुरुस्ती करायची आहे."

सर म्हणाले, "मल्लू, बस. आता हे उकरून काय उपयोग?"

"उपयोग न्हाई, सर. तरी बोलायचंय."

मी म्हणालो, त्या झाडाला हेदू मी म्हटलं. मिलिंदनं मला तीन वेळा विचारलं आणि तीन वेळा मी नक्की म्हटलं. त्याला स्वतःला ती बुरशी कळंबावरचीच वाटत होती, त्याचं बरोबर होतं. मी वर चढून बघितलं नव्हतं. पुढं मला चूक कळली, त्याला कळायच्या खूप आधी, आणि मी लपवली. याच खोलीत त्यानं मला बोलायची संधी दिली होती, ती मी त्याच्यावर उलटवली. मिलिंद उतावळा नव्हता. त्या डोंगरात एकच माणूस उतावळा होता, तो मी. आणि "या लोकांना घाई फार" हे वाक्य इथं बोललं गेलं तेव्हा मी ते ऐकून घेतलं, कारण ते माझ्या सोयीचं होतं.

सरांनी काठीवर हात घट्ट केले आणि खिडकीकडं बघत राहिले. पुढच्या रांगेतल्या एका मुलानं फोन खाली ठेवला.

मग मी तुझ्या फोटोकडं वळलो. त्या बुडालेल्या नावाचं काही होणार नाही, ते बुडायलाच हवं होतं, बुरशी खरंच जुनी होती. तू विचारलेल्या एका प्रश्नाचं उत्तर मात्र देणं होतं. मी सगळ्यांसमोर म्हणालो, "मिलिंद, मला तेव्हा हेदू वाटला नव्हता. काहीच वाटलं नव्हतं, मी बघितलंच नव्हतं. तुझ्याशी दोनदा खोटं बोललो, एकदा तरुणपणी आणि एकदा म्हातारपणाकडं झुकताना. तू जिवंत असताना हे सांगायची हिंमत मला झाली नाही. माझ्यामुळं तुझं काम गेलं, तुझी नोकरी हुकली, आणि तुझ्यावर जे बोललं गेलं ते मी बोलू दिलं. मी तुझी माफी मागतो."